बॉनेटपलीकडचे हात

१

गल्लीत त्यांना सगळे कानसेन म्हणत. गाण्याशी त्यांचा संबंध शून्य. आंघोळ करताना ते गुणगुणायला लागले की घरातले लोक कामाला बाहेर पडत. पण इंजिनाचा आवाज ऐकून त्याचं दुखणं ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. साहजिकच बायको झाली कानसेनबाई. सुरुवातीला तिला त्या नावाचा राग यायचा, पुढे सवय झाली, मग ते आवडायलाही लागलं. आता, ते गेल्यावर, कुणी तशी हाक मारली की ती आधी मागे वळून बघायची.

घरामागे त्यांची पत्र्याची शेड होती. लोकांच्या गाड्या तिथे खोकत यायच्या आणि बऱ्या होऊन जायच्या. एक गाडी मात्र कधी गेलीच नाही, कारण ती त्यांची स्वतःची होती. जुनी, सहा सिलिंडरांची, लांबलचक नाकाची. इंजिन साधंसुधं कार्बोरेटरवर चालणारं. त्याला त्यांनी हौसेनं टर्बो बसवला होता. आता टर्बो हवा दाबून दाबून भरणार आणि त्या हवेच्या मापानं पेट्रोल पुरवायचं काम त्या म्हाताऱ्या कार्बोरेटरचं. पेट्रोल कमी पडलं की इंजिन आतून खडखडतं आणि एक दिवस पिस्टन जळतो. जास्त झालं की काळा धूर आणि ठसका. "म्हाताऱ्याच्या गळ्यात तरुण बायको बांधली की असंच व्हायचं," असं ते म्हणत आणि ती पाना फेकून मारायचं सोंग करी.

कामाची त्यांची एक पद्धत होती. ती गाडीत बसायची, पाय पेडलवर. ते पुढे, उघड्या बॉनेटच्या पलीकडे, कार्बोरेटरच्या स्क्रूवर वाकलेले. बॉनेट उभं असलं की तिला ते दिसत नसत. बॉनेटच्या खालच्या कडेला एक फट राहायची, तिच्यातून फक्त त्यांचे हात दिसायचे, मनगटापर्यंत. ओरडून सांगणं त्यांना खपत नसे; इंजिनाच्या आवाजात माणसाचा आवाज मिसळला की कान नासतो, म्हणत. म्हणून ते स्क्रू ड्रायव्हरची लाकडी मूठ मडगार्डवर वाजवत. एक ठोका म्हणजे रेस वाढव. दोन ठोके म्हणजे आहे तिथेच धर. थांबायची खूण मुळी नव्हतीच, कारण थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते काम तिचं. पोटात कावळे ओरडायला लागले की ती किल्ली फिरवायची आणि म्हणायची, "पुरे." तो एक शब्द ते निमूट ऐकत. एरवी त्यांनी कुणाचं काही निमूट ऐकल्याचं तिला तरी आठवत नव्हतं.

आणखी एक खूळ होतं दाराचं. शेडचं सरकतं दार पूर्ण उघडून त्याच्या खाचेत वीट अडकवल्याशिवाय ते तिला किल्लीला हात लावू देत नसत. "धूर कुणाचा सगा नसतो," हे वाक्य तिनं इतकं ऐकलं होतं की वीट आता तिच्या हातून आपोआप लागायची.

२

मुलगा आला तो दोघींना न्यायला: आईला आणि गाडीला. आईनं होकार दिला होता. शेड रिकामी करायची, घराला कुलूप लावायचं आणि मुलाकडे राहायला जायचं. तिकडे नातीनं तिच्यासाठी खिडकीजवळची खाट राखून ठेवली होती आणि त्यावर कुणाला बसूही देत नव्हती.

"माझं एकच म्हणणं आहे," ती मुलाला म्हणाली. "जायच्या आधी ती एकदा नीट वाजू दे. त्यांच्या हातून तेवढं राहून गेलं."

खरंच राहून गेलं होतं. सपाटीवर गाडी लोण्यासारखी चालायची, पण चढाला टर्बो भरला की अडखळायची, आतून खडखडायची. त्यावर विचार करता करताच एका दुपारी ते खुर्चीत झोपले आणि उठले नाहीत.

मुलगाही मेकॅनिकच, पण नव्या जमान्याचा. त्याच्याकडे गाडीला लॅपटॉप जोडतात आणि गाडी आपणहून काय ते सांगते. ही बया लॅपटॉपला दाद देणारी नव्हती. त्यानं बाह्या सरसावल्या, प्लग काढून पाहिले.

"आई, हे बघ. पांढरेफटक पडलेत. पेट्रोलच पुरत नाहीये हिला. चल, बस गाडीत."

ती बसली. सीटचं रेक्झिन फाटलं होतं, पण खळगा तिच्याच मापाचा होता. बॉनेट वर झालं, मुलगा दिसेनासा झाला. त्यानं पान्यानं मडगार्ड वाजवलं, टिंग. तिनं रेस वाढवली. टिंग टिंग. तिनं धरून ठेवली. सकाळ अशीच गेली. तिच्या मनात आलं, ह्या एवढ्याशा गोष्टीसाठी आपण किती झुरत होतो.

मग टिंग टिंगच्या मागोमाग एक ठक् आला. लाकडाचा.

तिचा पाय विचार न करता खाली गेला.

"आई, अगं कशाला वाढवलीस? मी धर म्हणालो ना!"

"तूच तर वाजवलंस."

"मी कुठे वाजवलं? दोन्ही हात अडकलेत माझे इथे."

मुलानं बॉनेटच्या बाजूनं डोकं काढून तिच्याकडे पाहिलं. ती हसली, म्हणाली, "कान म्हातारे झाले रे." पत्रा तापला की टकटक वाजतोच, हे तिला माहीत होतं. गाडीचा काय आणि शेडचा काय, पत्रा तो पत्राच.

३

दुपारी चहा झाल्यावर पुन्हा काम सुरू झालं. आता ठोक्यांना चूक नव्हती. एक, मग दोन, मग बराच वेळ काही नाही, मग एक. इंजिन हळूहळू गोळा होत होतं. आवाजातला खरखरीतपणा जाऊन त्याला एक गोल घुमारा येत होता. मुलगा तयार झाला म्हणायचा, असं तिला वाटलं, आणि अभिमानानं तिचे डोळे भरून आले. अगदी त्यांच्यासारखा थांबतो. ठोका देण्याआधी तेवढाच दम खातो.

डोळे पुसायला तिनं मान वळवली. खिडकीतून अंगण दिसत होतं. अंगणातल्या नळाशी मुलगा उकिडवा बसून कोपरापर्यंत साबण लावत होता.

ठक्.

तिनं मुलाकडे पाहिलं. मग समोरच्या बॉनेटकडे पाहिलं. पुन्हा मुलाकडे. त्यानं नळ बंद केला आणि हात झटकले.

ठक्.

मडगार्डवरच. डाव्या बाजूला, जिथला रंग वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी उडाला होता तिथे.

ह्यावर कुणीही शहाणी बाई काय करेल? ओरडेल, पळेल, निदान देवाचं नाव घेईल. तिनं रेस वाढवली. अगदी जपून, त्यांना हवी असायची तेवढीच. आणि पलीकडून लगेच दोन ठोके आले: बरोबर, धर तिथेच.

भीती वाटली का? वाटली, पण खूप मागून कुठून तरी. पुढे होता तो आनंद. ते गेल्यापासून तिला कुणी काही करायला सांगितलंच नव्हतं. सगळे म्हणायचे, तू बस, तू राहू दे, तू आराम कर.

"एवढा वेळ काय ऐकतेस?" मुलगा हात पुसत आत आला. "मी जाऊन पाच मिनिटं झाली. बंद नाही का करायची?"

"छान वाजतेय," ती म्हणाली आणि किल्ली फिरवली. 'पुरे' मात्र ती म्हणाली नाही. तो शब्द जिभेवर आला होता, तिनं गिळला.

४

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मुलगा निघाला. "लेथवाल्याकडे जाऊन येतो गं. पेट्रोल सोडणारं ते जेट केसभर मोठं करून घ्यायला हवं. तू पड जरा."

ती पडली, पण झोप येईना. कूस बदलली, उशी बदलली. शेवटी चपला घालून शेडमध्ये गेली. नुसतं बसू, ती स्वतःला म्हणाली. वीट खाचेत लावली आणि नुसतं बसायला किल्ली कशाला हवी, हे मात्र स्वतःला विचारलं नाही.

बॉनेट उघडंच होतं. तिनं किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या हाकेला ओ देऊन उठलं.

ठक्.

तिनं मागे टेकून डोळे मिटले. पायाला शिकवायची गरज नव्हती. मुलगा पोटात असताना ती अशीच इथे बसायची, पोट स्टिअरिंगला टेकायचं, आणि ते दिवसभर हळू वाजवायचे, मुठीला फडकं गुंडाळून. बाळ दचकेल म्हणून. एकदा दोघांत अबोला झाला होता, कशावरून ते आता देवालाच माहीत. घरात भांडीसुद्धा आपटत नव्हती इतकी शांतता. पण शेडमध्ये काम चालूच होतं. एक ठोका, दोन ठोके. सगळा अबोला त्या मडगार्डवर बोलून संपवला होता त्यांनी. असा संसार लोकांना सांगितला तर हसतील. तिला तो पुन्हा हवा होता, जसाच्या तसा, भांडणासकट.

ठक्. ती वाढवत गेली. ठक्. आणि मग ती शिट्टी ऐकू आली, टर्बो पूर्ण भरल्यावर येते ती, बारीक आणि लांब.

तिनं डोळे उघडले. जागेवर उभ्या गाडीत टर्बो असा भरत नाही. त्याला चढ लागतो, ओझं लागतं. हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

शेडमध्ये अंधारून आलं होतं. ढग आला असेल. डोकं जड झालं होतं, ते दुपारची झोप झाली नाही म्हणून असेल. माणसाचं मन मोठं वकील असतं, मागावं ते कारण हजर करतं. समोरच्या फटीतून हात दिसत होते. त्यांचेच. करंगळी जराशी वाकडी, अंगठा रुंद, स्क्रू चिमटीत धरायची तीच नाजूक तऱ्हा. तिचा ऊर भरून आला.

पण हात स्वच्छ होते.

नखं गुलाबी. बोटांच्या पेरांवर काळी रेघ नाही. ती बघतच राहिली. ते हात तिनं जन्मभर पाहिले होते. लग्नात पाहिले होते, दवाखान्यात पाहिले होते. शेवटच्या दिवशी तिनं स्वतः ते गरम पाण्यानं आणि ब्रशनं घासले होते, तरी नखांतलं ग्रीस निघालं नव्हतं, आणि ती म्हणाली होती, राहू द्या, असेच जाऊ देत.

तिनं आरशात पाहिलं. मागचं दार लागलं होतं. वीट भिंतीशी उभी होती, कुणीतरी नीट उचलून ठेवल्यासारखी.

"अहो," ती म्हणाली. आवाज घोगरा आला. "अहो, दार लागलंय."

ठक्.

"दार लागलंय म्हणते ना! धूर कोंडलाय."

ठक्. जरा जोरात.

दार लागलेलं कळलं असतं तर ते पाना टाकून धावले असते. वर तिलाच चार शब्द सुनावले असते. खुणा सगळ्या येत होत्या ह्याला, थांबणं येत होतं, दम खाणं येत होतं. तिची काळजी तेवढी येत नव्हती.

हे ते नव्हेत.

तिनं किल्ली फिरवली. इंजिन चालूच राहिलं. तापलेली जुनी इंजिनं कधीकधी किल्ली काढल्यावरही चार गचके खातात, ते तिला ठाऊक होतं. हे गचके नव्हते. तिचा पाय पेडलवरून निघाला होता आणि शिट्टी चढत होती. फटीतले हात थांबले होते. ते आता कार्बोरेटरवर नव्हते. काचेच्या दिशेनं वळले होते, तळवे वर, काहीतरी मागत असल्यासारखे.

"पुरे!" ती किंचाळली.

एकदम सगळं बंद झालं. दाराशी ती कशी पोचली, दार कसं ढकललं, तिला नीट आठवलं नाही. उन्हात येऊन ती अंगणातल्या दगडावर बसली आणि लहान मुलीसारखी रडली.

५

मुलगा परतला तेव्हा ती नळावर तोंड धूत होती.

"शेडमध्ये कसला गं धूर?" त्यानं नाक वर करून विचारलं. "कुणी गाडी चालू केली होती?"

"तू बघ ना जाऊन," ती म्हणाली.

तो आत गेला, ती मागोमाग. त्यानं वाकून पाहिलं आणि मान हलवली. "छे. कशी करणार?" हातातली पिशवी त्यानं टेबलावर ठेवली, आतून कार्बोरेटर काढला. "अख्खाच काढून नेला होता जाताना. आतला दांडा फिरतो ते भोकही झिजलं होतं, तेही करून आणलं."

तिनं बॉनेटखाली पाहिलं. कार्बोरेटरच्या जागी उघडी भोकं होती आणि कचरा जाऊ नये म्हणून मुलानं त्यात फडकं कोंबलं होतं. फडकं जागच्या जागी, कोरडं, स्वच्छ. तिनं इंजिनावर हात ठेवला. थंड होतं.

"शेजारी पालापाचोळा जाळला असेल," मुलगा म्हणाला. "तुझे डोळे किती लाल झालेत."

सांगावं का? काय सांगायचं? आई थकली, एकटी राहून हिला भास होतात, असंच तो म्हणेल. कदाचित खरंही असेल ते. धुराचा वास त्यालाही आला, एवढी एकच गोष्ट तिच्या बाजूची होती.

"ऐक माझं," ती म्हणाली. "गाडी राहू दे इथेच. भंगारवाल्याला देऊन टाकू. आपण बसनं जाऊ."

"काय बोलतेस तू? बाबांची एवढीच तर आठवण उरली."

"आठवण घरभर आहे."

"आई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम लहानपणीचा झाला. "मला त्यांच्याबरोबर हे काम करायचं होतं गं. ते असताना वेळच झाला नाही मला. आता निदान हे तरी पूर्ण करू दे."

त्याच क्षणी खरं सांगितलं असतं तर त्यानं कदाचित ऐकलंही असतं. पण सांगितलं की ते दोघांचं होणार होतं, त्याला तर्काची कात्री लागणार होती, आणि त्या दुपारचा पहिला भाग, डोळे मिटलेला, तोसुद्धा कापला जाणार होता. तेवढा तिला हवा होता. "कर पूर्ण," ती म्हणाली.

६

निघाले त्या सकाळी लख्ख ऊन होतं. सामान मागच्या सीटवर रचलं, घराला कुलूप लागलं, शेजारणीनं पाठीवर हात फिरवला. ह्या वेळी मुलगा स्टिअरिंगवर बसला आणि ती त्याच्या शेजारी. बॉनेट घट्ट मिटलेलं. समोर स्वच्छ रस्ता. तिला जरा हायसं वाटलं. शेड मागे राहिली, जे काही होतं ते शेडचं होतं.

"बघच तू आता," मुलगा म्हणाला. "चढ आला की ऐक."

गावाबाहेर रस्ता डोंगराला लागला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला कठड्याचे दगड आणि खाली दरी. मुलानं गिअर बदलला. गाडीनं अंग झटकलं, टर्बो भरायला लागला, आणि ती श्वास रोखून बसली: आता अडखळेल, आता खडखडेल.

अडखळली नाही. सहाच्या सहा सिलिंडर एका गळ्यानं गायला लागले. आवाज छातीत उतरला. शिट्टी त्याच्यावर तरंगत वर गेली.

"झालं!" मुलगा ओरडला. त्याचे डोळे ओले होते. "आई, झालं गं! बाबांचं काम झालं!"

ठक्.

तिच्या सीटच्या पाठीला बसला तो. लाकडाचा. तिच्या दोन खांद्यांच्या मधोमध.

गाडीनं वेग घेतला.

"हळू," ती म्हणाली. "बाळा, पुढे वळण आहे."

ठक्.

"अरे, पाय काढ!"

"मी कुठे दाबतोय?" मुलगा म्हणाला. तो अजून हसत होता, पण ते हसू तोंडावर विसरून राहिल्यासारखं होतं. त्यानं खाली पाहिलं. तिनंही पाहिलं. त्याचे दोन्ही पाय ब्रेकवर होते, पंजे दाबून पांढरे पडलेले. शेजारचं पेडल कुणाच्याही पायाशिवाय सावकाश खाली चाललं होतं, अगदी जपून, हवं तेवढंच.

"आई, ब्रेक लागत नाहीये. आई!"

एक शब्द बोलायचा होता. तो तिचाच होता, दुसऱ्या कुणाचा चालला नसता, आणि बोलला की सगळं कायमचं बंद होणार होतं. वळणाचे दगड समोर आले. तिनं तोंड उघडलं. पण अख्ख्या संसारात ते इंजिन इतकं सुरेल कधी वाजलं नव्हतं, आणि ती क्षणभर ऐकत राहिली.